काम सोपवावे कसे, प्राधान्य ठरवावे कसे?

उत्तम काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला एक दिवस बढती मिळते आणि हाताखाली पाच-सहा जणांची टीम येते. अभिनंदनाचे पेढे वाटून होतात आणि काही आठवड्यांतच नव्या टीमप्रमुखाचे वेळापत्रक कोलमडू लागते. सहकाऱ्याने केलेला अहवाल रात्री बसून पुन्हा लिहायचा, ग्राहकाच्या पत्राला उत्तर स्वतःच द्यायचे, प्रत्येक बैठकीला जातीने हजर राहायचे. दिवसभर इतरांच्या शंकांचे निरसन आणि सायंकाळी सात वाजता कार्यालय रिकामे झाल्यावर स्वतःच्या कामाला सुरुवात, असा क्रम पडून जातो. बारकाईने आणि स्वतःच्या हातांनी काम करण्याच्या ज्या गुणामुळे बढती मिळाली, तोच गुण आता आड येतो.

'आपला हात जगन्नाथ' ही म्हण स्वावलंबनाचा गौरव करते. टीमप्रमुखाने मात्र ती शब्दशः आचरली, तर तो स्वतः थकतो आणि त्याचे सहकारी होते तेथेच राहतात. हे टाळण्यासाठी दोन गोष्टी शिकाव्या लागतात: प्राधान्यक्रम ठरवणे आणि काम सोपवणे. त्यांचा क्रमही हाच आहे. कोणते काम महत्त्वाचे हे ठरल्याशिवाय कोणते काम कोणाकडे द्यावे, हे ठरत नाही.

तातडीचे आणि महत्त्वाचे

अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष ड्वाइट आयसेनहॉवर यांनी १९५४ मध्ये इव्हॅन्स्टन येथील भाषणात, एका माजी महाविद्यालयप्रमुखाचा हवाला देत, तातडीचे प्रश्न आणि महत्त्वाचे प्रश्न यांतील भेद मांडला होता. तातडीचे ते बहुधा महत्त्वाचे नसते आणि महत्त्वाचे ते बहुधा तातडीचे नसते, असा त्याचा आशय. पुढे स्टीफन कोवी यांनी १९८९ मधील 'द सेव्हन हॅबिट्स ऑफ हायली इफेक्टिव्ह पीपल' या पुस्तकात याच भेदावर आधारलेली चार चौकटींची मांडणी केली आणि ती जगभरच्या कार्यालयांत पोहोचली.

बँकेच्या एखाद्या शाखेचे उदाहरण घेऊ. रोकड जुळत नाही, हे काम तातडीचे आणि महत्त्वाचेही आहे. ते आत्ताच करायला हवे. नव्या कर्मचाऱ्याला कर्जप्रस्तावाची छाननी शिकवणे महत्त्वाचे आहे, पण तातडीचे नाही. त्यासाठी दिवस आणि वेळ राखून ठेवावी लागते. वरिष्ठ कार्यालयाने दुपारपर्यंत मागवलेला नेहमीचा तक्ता तातडीचा आहे, पण तो शाखाप्रमुखानेच भरावा असे नाही. सोपवण्याची बरीच कामे या चौकटीत सापडतात. चौथ्या चौकटीतील कामे, उदाहरणार्थ कोणीही न वाचणारा जुना साप्ताहिक अहवाल, कोणाकडेही न सोपवता बंदच करावीत. निरुपयोगी काम दुसऱ्याच्या गळ्यात घातले, तरी ते निरुपयोगीच राहते.

अधिकार देता येतो, उत्तरदायित्व नाही

शासकीय परिभाषेत याला 'अधिकारांचे प्रत्यायोजन' म्हणतात. शब्द बोजड असला तरी त्यात नेमका मुद्दा आहे. कामाबरोबर अधिकारही द्यायचा असतो. फ्रेंच खाण अभियंता व उद्योग प्रशासक हेन्री फेयॉल यांनी १९१६ मध्ये व्यवस्थापनाची १४ तत्त्वे मांडली. त्यांतील एका तत्त्वानुसार अधिकार आणि जबाबदारी यांची सांगड असायला हवी. पुरवठादाराकडून माल वेळेवर आणण्याची जबाबदारी द्यायची, पण त्याच्याशी बोलण्याची मुभा द्यायची नाही, असे झाले की 'साहेबांना विचारून सांगतो' हे एकच उत्तर ऐकू येते.

याउलट, स्वतःचा पासवर्ड सहकाऱ्याच्या हाती ठेवून 'तूच मंजुरी दे' असे सांगणे म्हणजेही अधिकार देणे नव्हे. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायची, ही पद्धत चूक आणि गैरव्यवहार रोखण्यासाठी असते. अधिकार द्यायचा तर तो संस्थेच्या नियमांनुसार, सहकाऱ्याच्या स्वतःच्या नावाने आणि मर्यादा लिहून द्यावा.

काम आणि अधिकार दिल्यानंतरही अंतिम उत्तरदायित्व प्रमुखाकडेच राहते. भारतीय अवकाश संशोधनाच्या इतिहासात याचा वस्तुपाठ सापडतो. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेल्या 'एसएलव्ही-३' या प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण अयशस्वी झाले आणि प्रक्षेपक बंगालच्या उपसागरात कोसळला. प्रकल्पाचे संचालक होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. पत्रकारांना मात्र 'इस्रो'चे अध्यक्ष सतीश धवन स्वतः सामोरे गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्याकडे घेतली. १८ जुलै १९८० रोजी त्याच प्रक्षेपकाने 'रोहिणी' उपग्रह कक्षेत सोडला, तेव्हा पत्रकार परिषद घेण्यास धवन यांनी कलाम यांना सांगितले. ही आठवण कलाम यांनी पुढे अनेक व्याख्यानांतून सांगितली. धवन यांनी प्रकल्प कलाम यांच्याकडे सोपवला होता, अपयशाचे धनीपण नव्हे. चूक झाल्यास वरिष्ठ आपल्या पाठीशी राहतील, ही खात्री असेल तरच सहकारी अवघड काम मनापासून स्वीकारतो.

कोणाकडे, काय आणि किती

'इंटेल'चे अँडी ग्रोव्ह यांनी १९८३ मधील 'हाय आऊटपुट मॅनेजमेंट' या पुस्तकात दोन उपयुक्त मुद्दे मांडले आहेत. पहिला, आपल्याला चांगले येणारे काम सोपवावे, कारण त्यावर देखरेख ठेवणे सोपे जाते. बहुतेक नवे प्रमुख नेमके उलट करतात. आवडीचे, सवयीचे काम स्वतःकडे ठेवतात आणि न समजणारे काम दुसऱ्याकडे ढकलतात. दुसरा मुद्दा असा, की देखरेख किती ठेवायची हे माणसाच्या ज्येष्ठतेवर नव्हे, तर त्या विशिष्ट कामातील त्याच्या अनुभवावर ठरवावे. वीस वर्षे लेखा विभागात काढलेल्या व्यक्तीला नव्या संगणकप्रणालीचे काम दिले, तर सुरुवातीला तिलाही नवख्याइतकाच आधार लागतो.

काम शक्यतो तुकड्यांनी न देता सलग द्यावे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाने ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली ७०० किलोमीटरहून अधिक लांबीचा मार्ग सात विभागांत वाटला. महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी असे हे विभाग. साधारण १०० किलोमीटरच्या प्रत्येक विभागाची धुरा एका मुख्य अभियंत्याकडे होती. जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. 'हा पट्टा माझा' असे म्हणता येण्याजोगे काम मिळाले की माणूस पुढच्या अडचणीही स्वतःच शोधू लागतो.

'शिकवण्यापेक्षा स्वतः केलेले लवकर होते' ही सबब एका आठवड्यापुरती खरी असते. एखादा साप्ताहिक अहवाल करायला प्रमुखाला दोन तास लागतात, असे समजा. वर्षाचे १०४ तास झाले. पहिले चार आठवडे शिकवण्यात प्रत्येकी तीन तास गेले आणि नंतरचे ४८ आठवडे तपासणीला अर्धा-अर्धा तास लागला, तरी बेरीज ३६ तासच होते. वाचलेले ६८ तास म्हणजे कामाचे आठ दिवसांहून अधिक झाले आणि एक सहकारी नवे काम शिकला, तो लाभ वेगळाच.

परत येणारे काम

सोपवलेले काम अनेकदा नकळत परत येते. विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वास यांनी १९७४ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधील लेखात याला खांद्यावरच्या माकडाची उपमा दिली. सहकारी व्हरांड्यात गाठून म्हणतो, 'सर, एक अडचण आली आहे.' प्रमुख घाईत उत्तरतो, 'बघतो आणि सांगतो.' त्या क्षणी माकड सहकाऱ्याच्या खांद्यावरून प्रमुखाच्या खांद्यावर उडी मारते. अशा वेळी 'तुम्हाला काय करावेसे वाटते? दोन पर्याय घेऊन उद्या अकरा वाजता या' असे सांगावे. त्यामुळे मदत नाकारली जात नाही आणि पुढचे पाऊल सहकाऱ्याकडेच राहते.

काय सोपवू नये

काही कामे प्रमुखानेच करायची असतात. सहकाऱ्यांचे वार्षिक मूल्यमापन, शिस्तभंगाचे किंवा गोपनीय विषय, टीमची उद्दिष्टे ठरवणे आणि वाईट बातमी सांगणे ही त्यांतील प्रमुख होत. केवळ नकोशी कामे खाली ढकलणे, किंवा कामाचा माणूस म्हणून एकाच सहकाऱ्यावर सारा भार टाकणे, हेही काम सोपवणे नव्हे. नवे काम देताना 'सध्याच्या कामांपैकी कोणते मागे ठेवायचे?' हे त्याला सांगणे प्रमुखाचे कर्तव्य आहे.

सुरुवात कशी करावी?

- आठवडाभर आपण केलेली कामे वेळेसह लिहून काढा. यातील कोणती कामे दुसरा कोणी करू शकला असता, त्यावर खूण करा.
- त्यांतील एकच काम निवडा. ते वारंवार येणारे आणि चूक झाली तरी सुधारता येणारे असावे.
- सोपवताना अपेक्षित फलित, मुदत, खर्चाची व निर्णयाची मर्यादा आणि विचारणा कोणत्या टप्प्यावर होईल, हे स्पष्ट सांगा. पद्धत शक्यतो त्याच्यावर सोडा.
- काय ठरले, हे सहकाऱ्याच्याच शब्दांत ऐका. बरेचसे गैरसमज तेथेच दूर होतात.
- ठरलेल्या टप्प्यावर अवश्य तपासा. मधल्या काळात दर तासाला विचारू नका.
- काम आपल्यापेक्षा वेगळ्या रीतीने, पण योग्य झाले असेल, तर ते पुन्हा लिहायला घेऊ नका. श्रेय चारचौघांत द्या, चूक एकांतात सांगा.

पहिला अहवाल कदाचित आपल्या अपेक्षेइतका नेटका नसेल. तो स्वतः दुरुस्त करून पुढे पाठवण्याचा मोह त्या दिवशी आवरावा आणि सहकाऱ्याला शेजारी बसवून त्रुटी दाखवाव्यात. पुढच्या आठवड्यातील अहवाल अधिक चांगला व्हायचा असेल, तर तो अर्धा तास खर्च करण्यावाचून पर्याय नाही.