एकसष्टचे ज्येष्ठपद

एखाद्या संख्येच्या वर्गाला ६० ने गुणून १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या कोणती? उत्तर ४. सोळा गुणिले साठ ९६०, त्यात १ मिळवला की ३१ चा वर्ग. ६० च्या जागी ६२ घेतले तर उत्तर ८. तेथे ६३ चा वर्ग येतो. मधल्या ६१ ची गोष्ट मात्र निराळी आहे. तिचे सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८०, आणि त्यातून येणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये ‘बीजगणित’ ग्रंथात ही दोन्ही पदे दिली आहेत. पहिले कनिष्ठ, दुसरे ज्येष्ठ.

इतिहासाच्या अभ्यासकाला हे ज्येष्ठपद ताम्रपटासारखे वाचता येते. एकापासून आरंभ करून मिनिटाला एक याप्रमाणे रात्रंदिवस संख्या तपासत गेलो, तर उत्तरापर्यंत पोहोचायला ४३० वर्षे लागतील. ज्याने ते लिहिले, त्याच्यापाशी रीत होती, याला वेगळा पुरावा नको.

त्या रीतीचे नाव चक्रवाल. ८ चा वर्ग ६१ पेक्षा ३ ने अधिक, येथून सुरुवात. एका फेऱ्यात ३९ आणि ५ ही जोडी मिळते : ३९ चा वर्ग १५२१, ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५, अंतर उणे ४. पुढचे काम ब्रह्मगुप्ताची ‘भावना’ करते. दोन उत्तरांच्या संयोगातून नवे उत्तर काढण्याची ही कृती इ. स. ६२८ मधली. तिने २९,७१८ आणि ३,८०५ ही जोडी येते, अंतर उणे १. तिचा स्वतःशीच संयोग केला की भास्कराचार्यांची दोन्ही पदे हाती येतात.

१६५७ मध्ये फ्रान्समध्ये फर्माने आपल्या समकालीनांना कोडे घातले, त्यातही ६१ हीच संख्या होती. इंग्लंडच्या ब्राउंकरने रीत शोधली. ऑयलरने चुकून पेलचे नाव दिले आणि तेच रूढ झाले. ‘बीजगणिता’चे कोलब्रुककृत इंग्रजी भाषांतर १८१७ चे. म्हणून पेलचे नाव अन्यायाचे आहे, हे खरेच. पण फर्माने आपल्याकडून उचलले, असे म्हणायला आधार नाही.

श्रेयाचा हिशेब घरातही चोख हवा. हीच रीत जयदेव या गणितज्ञाच्या नावे उदयदिवाकराच्या १०७३ च्या टीकेत आली आहे, म्हणजे भास्कराचार्यांच्या आधी. ती कधीच अडत नाही, याची सिद्धता ‘बीजगणिता’त नाही. सामान्य प्रश्नाची सिद्धता अठराव्या शतकात लाग्रांजने दिली, आणि चक्रवालाची १९३० च्या सुमारास कृष्णस्वामी अय्यंगार यांनी.

एवढे वजा करूनही ज्येष्ठपदाचे मोल कमी होत नाही. शंका असेल त्याने कागद घ्यावा आणि ८ चा वर्ग मांडून सुरुवात करावी.