जहाजाची वही आणि जमिनीचे दप्तर

वाचकहो, जळकोटात जमिनीचा जुना वाद निघाला म्हणजे तुम्ही खासरा पत्रक काढता. 1948 पूर्वीचा निजामी कागद असला तर उर्दू वाचणारा गाठता. मॉरिशसमधल्या मराठी माणसाला पूर्वज शोधायचा तर आधी जहाजाची वही उघडावी लागते.

1834 पासून सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर करारावर तिथल्या ऊसमळ्यांत गेले. मराठी मंडळी मुंबई बंदरातून गेली, विशेषतः रत्नागिरीकडची. उतरताच प्रत्येकाला क्रमांक मिळे. नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव वहीत चढे. या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. नावावर भिस्त ठेवू नका हो, ते परक्या कारकुनाच्या कानाने लिहिलेले! क्रमांक धरा. पुढे 1880 च्या सुमारास मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे विकले. काही मजुरांनी ते घेतले. त्या फ्रेंच खरेदीखतांवरून घराणे कुठे स्थिरावले ते कळते.

इकडचे गाव सापडले, तरी तिथल्या दप्तरात खातेदारच भेटतात. गेलेला गडी भूमिहीन असला, तर त्याच्या बापाचे नाव बहुधा त्याच वहीत उरते, जिने त्याला क्रमांक दिला.