तीस वर्षे उशिरा मिळालेली पदवी

ऑक्सफर्डच्या शेल्डोनियन थिएटरमध्ये मुलीच्या पदवीदानास बसले होते. क्रिस्टोफर रेनच्या आराखड्यानुसार ही वास्तू १६६९ मध्ये पूर्ण झाली. समारंभ लॅटिनमध्ये, आयुष्यभर मराठी शिकवणाऱ्या मला त्यातले अक्षर कळत नव्हते. (लग्नातल्या मंत्रांपुढेही आपण अशाच माना डोलावतो म्हणा!) जुन्या प्रथेत प्रॉक्टर सभागृहात फेरी घालीत, एखाद्याच्या पदवीस हरकत असलेल्याने त्यांचा झगा ओढायचा, असे सांगतात.

कॉर्नेलिया सोराबजींसाठी कोणाला झगा ओढावा लागला नाही. नियमच पुरेसा होता. १८६६ मध्ये नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलियांनी १८९२ मध्ये खास परवानगीने येथे बी.सी.एल.ची परीक्षा दिली. त्या उत्तीर्ण झाल्या; पण स्त्रियांना पदवी देण्याची तरतूदच नव्हती. ती १९२० मध्ये झाली, आणि कॉर्नेलियांना पदवी मिळाली १९२२ मध्ये. पुण्यात शाळा काढून मुलींना शिकवणाऱ्या त्यांच्या आई फ्रान्सिना तोवर हयात नव्हत्या. १९१० मध्येच त्या गेल्या.

नवे झगे घालून मुले पुन्हा आत आली. माझ्या मुलीसाठी टाळ्या वाजवायला मला जरा उशीरच झाला.