पायाला कळणारा वेग

राल्फ टीटर आपल्या वकिलाच्या गाडीत बसले की एक गोष्ट त्यांना हमखास जाणवायची. वकीलसाहेब बोलू लागले की गाडी मंदावायची, ऐकू लागले की पुन्हा वेग घ्यायची. टीटरना हे काट्यावर दिसत नव्हतं. वयाच्या पाचव्या वर्षी झालेल्या अपघातानंतर त्यांची दृष्टी गेली होती. पण गाडीचा प्रत्येक हिसका अंगाला कळत होता, आणि त्यातूनच क्रूझ कंट्रोलची कल्पना निघाली.

टीटर मूळचे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या हेगर्सटाउनचे, जन्म १८९०चा. १९१२ साली ते पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर झाले. पहिल्या महायुद्धात युद्धनौकांच्या टर्बाइनचे रोटर समतोल करण्याचं नाजूक काम त्यांनी बोटांच्या स्पर्शावर तडीस नेलं. पुढे पिस्टन रिंग बनवणाऱ्या ‘परफेक्ट सर्कल’चे ते अध्यक्ष झाले.

वेग राखणाऱ्या यंत्राचं पेटंट त्यांना १९५० मध्ये मिळालं. त्या यंत्रात वेग ठरवायला डॅशबोर्डवर एक बटण होतं. ठरलेला वेग गाठला की अॅक्सिलरेटरचं पेडल चालकाचा पाय उलट रेटू लागे. वेगाची खबर डोळ्यांऐवजी तळपायाला मिळे! ब्रेकला पाय लागेपर्यंत वेग धरून ठेवण्याची सोय नंतर आली. १९५८ मध्ये क्रायस्लरने हे यंत्र ‘ऑटो-पायलट’ नावाने विकायला काढलं. आज रुळलेलं ‘क्रूझ कंट्रोल’ हे नाव कॅडिलॅकचं. १९७३च्या तेलटंचाईत इंधन वाचवण्यासाठी त्याची मागणी वाढली.

त्यानंतरच्या कित्येक गाड्यांत हे काम व्हॅक्यूमवर चाले. इंजिनाच्या ओढीने डब्यातला रबरी पडदा खेचला जाई आणि तारेने थ्रॉटल उघडे. अशी जुनी गाडी वेग धरेनाशी झाली की महागड्या कंट्रोल युनिटकडे आधी बोट दाखवलं जातं. पण दोष बऱ्याचदा एखाद्या बारीक रबरी पाइपात असतो. वरून तो धड दिसतो. टोक चिमटीत धरून वाकवलं की भेग उघडते. त्या भेगेतून हवा आत शिरते आणि पडदा जागचा हलत नाही.

काही गाड्यांत तर ब्रेकचे दिवे गेले की क्रूझ लागत नाही. युनिटला लागणारं अर्थिंग त्या बल्बांमधूनच येतं. बल्ब बदलला, की यंत्र पुन्हा चालू.

मात्र ब्रेकशी जोडलेल्या सगळ्याच बिघाडांकडे इतक्या सहज पाहता येत नाही. फोर्डच्या अनेक मॉडेलांत क्रूझ बंद करणारा एक स्विच ब्रेकच्या मास्टर सिलिंडरजवळ बसवलेला होता. गाडी बंद असतानाही त्यात वीज खेळती असे. आतला पातळ पडदा फाटून ब्रेक ऑइल झिरपलं की स्विच तापे, आणि उभ्या गाडीला आग लागे. १९९९ ते २००९ या काळात कंपनीने याच दोषासाठी १ कोटी ४० लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या.

म्हणून जुन्या गाडीचं क्रूझ दुरुस्त करायला घेणाऱ्याने पाना उचलण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. चासी नंबर देऊन कंपनीकडे रिकॉलची चौकशी करावी. मग कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून स्वतः गाडीच्या मागे उभं राहावं आणि सगळे दिवे लागतात का, ते पाहावं.