पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या शाळा

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या शाळा ही पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड शहराची सार्वजनिक शालेय व्यवस्था होय. महानगरपालिकेचा शिक्षण विभाग मराठी, उर्दू, हिंदी व इंग्रजी माध्यमांच्या शंभराहून अधिक प्राथमिक शाळा आणि काही माध्यमिक विद्यालये चालवतो. या शाळांत मुख्यत्वे कामगार व श्रमिक कुटुंबांतील मुले शिकतात.

इतिहास

१९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. १९६० च्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिल्यावर कामगारांचा ओघ वाढला आणि संत तुकाराम नगरसारख्या वसाहती वसल्या. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. १९९७ मध्ये चिखली, मोशी, तळवडे, रावेत आदी गावे समाविष्ट झाली, तेव्हा पूर्वी जिल्हा परिषदेकडे असलेल्या तेथील शाळांची जबाबदारीही महापालिकेवर आली. प्राथमिक शाळांचा कारभार पूर्वी शिक्षण मंडळाकडे होता. राज्य शासनाने अशी मंडळे रद्द केल्यानंतर तो महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे गेला.

आव्हाने

शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे ५ लाख होती. २०११ मध्ये ती १७ लाखांवर गेली. वस्ती आधी वाढते आणि शाळेची इमारत मागाहून येते, असा क्रम त्यामुळे पडला.

दुसरे आव्हान स्थलांतराचे आहे. बांधकाम मजूर व कंत्राटी कामगार यांची मुले वर्षाच्या मध्यातच शाळेत येतात आणि काम संपताच निघून जातात. कुटुंब चाकणला गेले, तर मूल महापालिकेच्या हद्दीबाहेर जाते आणि त्याची नोंद दुसऱ्या यंत्रणेकडे न्यावी लागते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार जन्मदाखला वा शाळा सोडल्याचा दाखला नसल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो. मात्र बुडालेला अभ्यास भरून काढण्याचे काम वर्गशिक्षकावरच येते. घरची भाषा मराठी नसल्यास ते अधिक अवघड होते.

याच कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी २५ टक्के जागा राखीव ठेवल्या. इंग्रजी माध्यमाची ओढ आणि या जागा यांमुळे शहरात स्थिरावलेली कुटुंबे खासगी शाळांकडे वळू शकतात. सतत फिरत्या कुटुंबांतील मुलांसाठी मात्र महापालिकेची शाळा हाच प्रमुख आधार राहतो.