ग्रान्यानो पास्ता

ग्रान्यानो पास्ता : दक्षिण इटलीत नेपल्सजवळ, लात्तारी डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या ग्रान्यानो गावचा सुका पास्ता. यात अंडे नसते. ड्यूरम गव्हाचा रवा आणि तिथले पाणी, बस्स. (महाराष्ट्रातला बन्सी गहूही ड्यूरमच.) गावाजवळच्या दरीत पूर्वी ओढ्यावर ओळीने पाणचक्क्या चालत. एकोणिसाव्या शतकात रशियातल्या तागानरोग बंदरातून येणाऱ्या कडक गव्हाला इथे विशेष मान होता.

रवा बेताच्या पाण्यात घट्ट मळून काशाच्या साच्यातून दाबून काढतात. काशाच्या छिद्रांतून निघालेला पास्ता खरखरीत, फिकट, पीठ भुरभुरल्यासारखा दिसतो आणि सॉस धरून ठेवतो. टेफ्लॉनच्या साच्यातून काम झटपट होते, पण पास्ता गुळगुळीत, काचेसारखा निघतो.

खरे कौशल्य मात्र वाळवणाचे. वेळूच्या काठ्यांवर टाकलेली स्पगेटी पूर्वी रस्त्याच्या कडेला उन्हावाऱ्यात असे. आधी वाऱ्यावर वरचा थर सुकवायचा, मग गार, दमट जागी हलवायचे. आतला ओलावा बाहेर सरकतो आणि कडक झालेला थर पुन्हा सैलावतो. त्यानंतर सावकाश पुरते वाळवण. घाई केली तर पास्ता तडकतो, रेंगाळले तर आंबतो. म्हणून कारागीर दक्षिणेचा दमट आणि उत्तरेचा कोरडा वारा ओळखून माल आतबाहेर करत. विसाव्या शतकात वाळवणयंत्रे आली आणि हवेचे हे वरदान कुठल्याही गावाला विकत घेता येऊ लागले. पुढे मोठ्या कारखान्यांनी तापमान ८० अंशांवर नेऊन वाळवण काही तासांवर आणले. अशा उष्णतेने प्रथिने घट्ट बसतात, त्यामुळे साधारण गव्हाचा पास्ताही शिजताना गळत नाही. पण लायसिन हे अमिनो आम्ल काही अंशी वाया जाते आणि गव्हाचा मूळ स्वाद झाकला जातो.

युरोपीय संघाने २०१३ मध्ये या पास्त्याला भौगोलिक मानांकन दिले. काशाचा साचा, स्थानिक पाणी आणि ४० ते ८० अंशांत ६ ते ६० तास वाळवण या त्याच्या अटी. ही मर्यादा फारच सैल आहे. आकारानुसार वेळ बदलणारच, पण सावकाश वाळवणारा आणि घाई करणारा दोघांनाही एकच शिक्का मिळतो. तेव्हा घेताना पास्त्याचा रंग आणि खरखरीतपणा पाहावा. काही कारागीर स्पगेटीचा काठीवर वाकलेला भाग कापत नाहीत. त्या लांब, दुमडलेल्या काड्या तशाच पुड्यात भरतात.