गुरूच्या वाटेवरचे सोबती



गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरास सिंहस्थ भरतो, हे आपणांस लहानपणापासून ठाऊक आहे. एका राशीत सुमारे एक वर्ष, याप्रमाणे बारा वर्षांत गुरूची सूर्याभोवती एक फेरी होते. कोपरच्या दिव्यांच्या झगमगाटातही तो दिसतो. परंतु त्याच्याच वाटेवर, सूर्यावरून पाहिल्यास दोन राशी पुढे व दोन राशी मागे, लघुग्रहांचे दोन तांडे चालले आहेत; ते साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. ते थोडे पुढेमागे होतात, पण वाट सोडत नाहीत.

१७७२ साली लाग्रांज या गणितज्ञाने दाखवून दिले होते की, तीन गोलांचा समभुज त्रिकोण झाला तर तो फिरत राहूनही टिकू शकतो. ही केवळ गणितातली गंमत समजली गेली. पुढे १९०६ च्या फेब्रुवारीत हायडेलबर्ग येथे माक्स वोल्फ यांनी एक लघुग्रह शोधला. सूर्य, गुरू आणि तो मिळून नेमका तसाच त्रिकोण होत होता. त्याला ट्रॉयच्या युद्धातील वीर अकिलीस याचे नाव मिळाले. आज असे दहा हजारांहून अधिक 'ट्रोजन' ज्ञात आहेत.

पण त्यांपैकी एक आधीच दिसला होता. एडवर्ड बर्नार्ड हा १८५७ साली अमेरिकेतील नॅशव्हिल येथे जन्मलेला बापाविना पोर. शाळा जेमतेम दोन महिने. नवव्या वर्षी तो एका फोटोग्राफरकडे कामाला लागला. छपरावरचे मोठे यंत्र दिवसभर सूर्याकडे रोखून धरायचे, हे त्याचे काम. त्या यंत्राचे नाव ज्युपिटर, म्हणजे गुरूच! याच माणसाने १८९२ साली गुरूचा पाचवा चंद्र शोधला. १९०४ साली यर्किस वेधशाळेत त्याला शनीजवळ एक अंधुक ठिपका दिसला. तो शनीचा चंद्र फीबी असावा, असे वाटले. १९९९ साली एका लघुग्रहाच्या कक्षेचे गणित झाले, तेव्हा कळले की तो ठिपका म्हणजे ट्रोजनच होता.

यात बर्नार्डवर कोणी अन्याय केला, असे मी म्हणणार नाही. दिसणे हे अर्धे काम. ओळख पटते ती गणिताने. पण त्याने ठिपक्याची जागा मोजून तारखेसह लिहून ठेवली नसती, तर पंचाण्णव वर्षांनी ती ओळख कशी पटली असती?

कामगारांच्या चळवळीत मी नव्या पोरांना हेच सांगत आलो आहे. डोळ्यांनी पाहिलेले त्याच दिवशी, तारीख घालून, लिहून ठेवा. दाद केव्हा मिळेल हे आपल्या हाती नाही. नोंद ठेवणे मात्र आहे.